काळोखातला महानायक आणि बालप्रेक्षक : रसविघ्नांच्या अंगाने एक विचार

अतिमानवी नायकाचा चित्रपट मुलांचा की मोठ्यांचा, हा प्रश्न वरवर पाहता साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरचा वाटतो. तो पालकांचा, शिक्षकांचा, फार तर परिनिरीक्षण मंडळाचा प्रश्न आहे, असे मानण्याकडे कल असतो. परंतु कोणती कलाकृती कोणत्या वयाच्या आस्वादकाला 'योग्य' ठरते, हे ठरवताना आस्वादाची काही एक उपपत्ती गृहीत धरावीच लागते. ती स्पष्टपणे मांडली नाही तर चर्चा रक्ताचे थेंब, गोळ्यांची संख्या आणि शिव्यांची वारंवारिता मोजण्यावर येऊन थांबते. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये बॅटमॅनच्या चित्रपटांवरून १९८९ पासून जे वाद झाले, ते बहुतांशी असे मोजणीचेच होते. त्या वादांची सामग्री घेऊन तिच्याकडे भारतीय रसविचाराच्या, विशेषतः अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांच्या अंगाने पाहिले असता काय हाती लागते, याचा येथे शोध घ्यावयाचा आहे.

'काळोखा' हे विशेषण प्रथम स्पष्ट केले पाहिजे. केवळ रात्रीची दृश्ये वा हिंसेचे आधिक्य म्हणजे काळोख नव्हे. भरताने चार मूळ रसांपासून चार रसांची उत्पत्ती सांगितली आहे : शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक. अतिमानवी नायकाची मूळ कथा या मांडणीतल्या तिसऱ्या जोडीवर उभी असते. नायकाचा उत्साह हा तिचा स्थायी भाव असतो, आणि त्या उत्साहाच्या कृतीतून विस्मय निर्माण होतो. १९३८ मध्ये अवतरलेला सुपरमॅन हे याचे सरळ उदाहरण. काळोख्या रूपात ही जोडी मोडते. नायकाच्या उत्साहाची जागा क्रोध घेतो, त्या क्रोधाचे फलित करुणात दिसते. प्रतिनायक बीभत्साच्या बाजूने उभा राहतो आणि त्यातून भय उपजते. म्हणजे वीर-अद्भुताची पोकळी रौद्र-करुण आणि बीभत्स-भयानक या दोन जोड्यांनी भरून निघते. वेष तोच राहतो, मुखवटा तोच राहतो, बालमनाला परिचित असलेले नावही तेच राहते. रसव्यवस्था मात्र बदललेली असते. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे.

बॅटमॅनच्या बाबतीत हा बदल अगदी बाहेरून आलेला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये हे पात्र आणले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची पूर्वकथा सांगितली : रस्त्यावर आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत झालेला एक मुलगा, आणि त्याने घेतलेली शपथ. रौद्र आणि करुण यांची बीजे तेथेच आहेत. १९४० मध्ये त्याच्या जोडीला रॉबिन हा मुलगा आला आणि कथेचा सूर उजळला. महाराष्ट्रातील वाचकांना याचा एक जवळचा नमुना ठाऊक आहे. १९६४ पासून निघू लागलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठीतही अवतरलेल्या वेताळाच्या वंशाची कथा पित्याच्या हत्येपासून आणि कवटीवर हात ठेवून घेतलेल्या शपथेपासूनच सुरू होते. तरी मराठी मुलांनी वेताळ वाचला तो अद्भुतासाठी. शपथ ही कथेची देवडी होती, तेथे कोणी मुक्काम केला नाही. काळोख्या चित्रपटाने देवडीलाच घर केले.

मधल्या इतिहासात फार रेंगाळण्याचे कारण नाही. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचे चित्रकथांवर कठोर आरोप करणारे पुस्तक आले, त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. तो क्षीण होत होत २०११ मध्ये संपला. वर्थमने आपल्या बालरुग्णांच्या नोंदी सोयीने जुळवल्या होत्या, हे कॅरल टिली यांनी २०१२ मध्ये त्याची मूळ कागदपत्रे तपासून दाखवले आहे. तेव्हा वर्थमचा हवाला देऊन कोणी मुलांचा कैवार घेऊ लागला, तर तो हवाला आज टिकणारा नाही. मात्र वर्थमचा पुरावा सदोष होता म्हणून त्याचा प्रश्नही खोटा ठरतो, असे त्याचे काही टीकाकार मानतात. तेही घाईचे आहे. १९८६ मध्ये फ्रँक मिलरच्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'ने आणि १९८६-८७ मध्ये ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन'ने ही कथा प्रौढ वाचकांसाठी उघडपणे लिहिली. तेथे वाचक बदलला होता आणि ते सर्वांना माहीत होते. चित्रपटाला ही सोय नव्हती. एवढ्या मोठ्या खर्चाचा चित्रपट केवळ प्रौढांवर चालत नाही. त्याला खेळणी विकावी लागतात, शाळेचे दप्तर, डबे आणि सदरे विकावे लागतात.

भरताचा प्रेक्षक आणि अभिनवगुप्ताची विघ्ने

नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायात भरताने प्रेक्षकांच्या वयोभेदाचा आणि प्रकृतिभेदाचा विचार केला आहे. तरुण शृंगारात रमतात, शूर पुरुष बीभत्स-रौद्रात आणि युद्धात, वृद्ध धर्माख्यानांत. आणि मुले हास्यात व नेपथ्यात रमतात, असे तो सांगतो. या शेवटच्या गटात त्याने मुलांबरोबर स्त्रियांना आणि मूर्खांनाही बसवले आहे, ते आज कोणी मान्य करणार नाही. पण मुलांविषयीचे निरीक्षण चोख आहे. नेपथ्य म्हणजे वेषभूषा, रंगभूषा, मुखवटा. बॅटमॅनचा झगा, टोकदार कान, कमरेचा पट्टा, गाडी हे सारे नेपथ्य होय, आणि बालप्रेक्षक चित्रपटगृहात येतो तो त्याच्या ओढीने. त्याला आत आणणारी गोष्ट एक आणि आत मिळणारी गोष्ट दुसरी, ही स्थिती भरताच्या वर्गीकरणाने चांगली उलगडते : नेपथ्य बालाचे, रस शूराचा.

अभिनवगुप्ताचा विचार याहून खोल जातो. रसप्रतीती म्हणजे निर्विघ्न प्रतीती, असे म्हणून त्याने सात विघ्ने सांगितली. त्यांतील पहिली तीन येथे महत्त्वाची आहेत. पहिले संभावनाविरहाचे : जे घडते आहे ते शक्यच वाटले नाही तर चित्त तेथे स्थिरावत नाही. त्यावर उपाय म्हणून लोकप्रसिद्ध नायक घ्यावा. दुसरे विघ्न देशकालविशेषाच्या आवेशाचे : हे सुखदुःख माझे आहे, किंवा अमक्याचे, अमक्या स्थळी, अमक्या वेळी घडणारे आहे, या बंधनात प्रेक्षक अडकला की साधारणीकरण होत नाही. पूर्वरंग, नटाचा वेष आणि नाट्यधर्मी संकेत हे विघ्न दूर करतात. तिसरे निजसुखादिविवशीभावाचे : प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासलेला असेल तर त्याचे चित्त दुसऱ्या वस्तूत विश्रांत होऊ शकत नाही. गीत, वाद्य, मंडपाची शोभा यांनी त्याला त्यातून बाहेर काढावे लागते.

बालप्रेक्षकाच्या बाबतीत ही तीन विघ्ने निराळ्या प्रमाणात वावरतात. पहिले जवळजवळ नसतेच. नायक त्याच्या ओळखीचा असतो, त्याची बाहुली घरात असते, तेव्हा पडद्यावरचे सर्व त्याला संभवनीय वाटते. जे प्रौढाच्या बाबतीत रसाला साहाय्यक, तेच येथे धोक्याचे होते. कारण पहिले विघ्न दूर झाल्यावर दुसरे आणि तिसरे दूर करण्याची शक्ती त्याच्याजवळ पुरेशी असतेच असे नाही. 'हे नाटक आहे' हे जाणणे आणि ते जाणूनही त्यात रमणे, ही दुहेरी अवस्था सरावाने येते. अभिनवगुप्ताचा सहृदय हा काव्यानुशीलनाच्या अभ्यासाने मनाचा आरसा स्वच्छ झालेला रसिक आहे. सहृदयता जन्मजात नाही, ती कमावलेली आहे, हे त्यात अनुस्यूत आहे. मग बालक हा होऊ घातलेला सहृदय ठरतो. आणि त्याला कोणती कलाकृती योग्य, हा प्रश्न ती त्याला सहृदयतेकडे नेते की त्याच्या विघ्नांत अडकवते, असा मांडता येतो.

दोन प्रकारचा काळोख

टिम बर्टनचा 'बॅटमॅन' १९८९ मध्ये आला. अमेरिकेत १९८४ मध्ये 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आणि 'ग्रेम्लिन्स' या चित्रपटांवरील तक्रारींनंतर 'पीजी-१३' ही मधली श्रेणी निर्माण झाली होती. बर्टनचा चित्रपट तिच्यात बसवला गेला. ब्रिटनमध्ये तर चित्रपटगृहांसाठीची '१२' ही श्रेणी १९८९ मध्ये नव्यानेच सुरू झाली आणि ती मिळवणारा पहिला चित्रपट हाच होता. दोन्ही देशांतील मधल्या श्रेण्या अशा चित्रपटांमुळे निर्माण झाल्या वा रुळल्या, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे : कलाकृती बदलली म्हणून कप्पा बदलावा लागला.

१९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'ने खरा क्षोभ निर्माण केला. विद्रूप अर्भकाला आईबापांनी नाताळच्या रात्री पाण्यात सोडून दिले, ते गटारांत पेंग्विनांच्या संगतीत वाढले आणि मोठे होऊन शहरातील पहिलटकर मुलगे पळवण्याचा बेत करू लागले, अशी त्यातील प्रतिनायकाची कथा आहे. त्याच्या तोंडातून काळा द्रव गळतो, तो कच्ची मासळी खातो. मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणासोबत या चित्रपटाची खेळणी दिली होती. त्यावरून पालकांनी तक्रारी केल्या. परिणामी पुढचा चित्रपट बर्टनकडून काढून जोएल शूमाकरकडे सोपवण्यात आला. १९९५ चा 'बॅटमॅन फॉरेव्हर' उजळ रंगांत आला. १९९७ चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' त्याहून भडक निघाला, आणि त्याची इतकी निर्भर्त्सना झाली की मालिका २००५ पर्यंत थांबली. मुलांसाठी म्हणून केलेली ही धुलाई मुलांच्याही विशेष उपयोगी पडली नाही. बीभत्स काढला, पण उत्साह परत आणला नाही. उरले ते निव्वळ नेपथ्य.

क्रिस्टोफर नोलनच्या 'द डार्क नाइट'ने २००८ मध्ये निराळाच पेच उभा केला. त्यालाही अमेरिकेत 'पीजी-१३' आणि ब्रिटनमध्ये '१२ए' मिळाले. ही दुसरी श्रेणी बारा वर्षांखालील मुलाला वडीलधाऱ्याबरोबर येऊ देते. तिचा उगमही अतिमानवी नायकाशी जोडलेला आहे : २००२ च्या 'स्पायडर-मॅन'ला '१२' मिळाल्याने लहान मुले दाराबाहेर राहिली, काही स्थानिक परिषदांनी आपल्या अधिकारात ती श्रेणी शिथिल केली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर '१२ए' देशभर लागू झाली. 'द डार्क नाइट'च्या वेळी या सैलपणाची किंमत दिसली. ब्रिटिश मंडळाकडे या एका चित्रपटाविरुद्ध तीनशेहून अधिक तक्रारी आल्या. मंडळाचे समर्थन असे होते की रक्त जवळजवळ दिसत नाही, जखमा दाखवल्या जात नाहीत, सुरी गालावर टेकते आणि दृश्य तुटते. ते वस्तुतः खरेच आहे. जोकर पेन्सिलीची 'जादू' करून एका माणसाला मारतो त्या क्षणी रक्ताचा थेंबही पडद्यावर नाही.

येथे नाट्यशास्त्रातील एक विधिनिषेध आठवतो. युद्ध, मरण, नगराचा वेढा यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असे भरत सांगतो. वरवर पाहता नोलनने हाच नियम पाळला आहे. पण भरताच्या योजनेत मरण घडून गेलेले असते, त्याचे निवेदन होते, आणि निवेदनाने अंतर निर्माण होते. नोलन मरण झाकतो ते अंतर निर्माण करण्यासाठी नव्हे. झाकलेली जागा प्रेक्षकाने स्वतःच्या कल्पनेने भरावी यासाठी. ज्याच्याजवळ निजसुखदुःखाच्या बाहेर येण्याची शक्ती अपुरी आहे, तो ती जागा कशाने भरील? स्वतःच्याच भयाने. रक्त मोजणाऱ्या मंडळाच्या हिशेबात हे कोठेच येत नाही.

बर्टन आणि नोलन यांच्या काळोखातील भेद नाट्यधर्मी व लोकधर्मी या संज्ञांनी नेमका पकडता येतो. बर्टनचे गॉथम लंडनजवळच्या पाइनवुड चित्रशाळेत उभारलेले होते. अँटन फर्स्टने रचलेल्या त्या इमारती कोणत्याही शहरातल्या नाहीत. तेथे घडणारे क्रौर्य 'कोणे एके काळी'च्या जातीचे आहे. नोलनचे गॉथम मोठ्या अंशी शिकागोच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित झाले. बँक, रुग्णालय, न्यायालय, नावा, दूरध्वनीवरून होणारी पाळत हे सर्व रोजच्या जगातले आहे. त्यातला जोकर हीथ लेजरने अशा रीतीने उभा केला की त्याची रंगभूषाही नेपथ्य राहत नाही : ती ओघळते, पुसट होते, आणि तिच्याखाली खरा व्रण आहे. आपल्या व्रणांची कथा तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी. म्हणजे मुलांना आवडणारे जे नेपथ्य, तेच येथे अविश्वसनीय करून टाकले आहे. दुसरे विघ्न दूर करणारे सारे संकेत दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर मागे घेतले आहेत. प्रौढ प्रेक्षकाच्या दृष्टीने ही या चित्रपटाची मोठी सिद्धी आहे, यात शंका नाही.

ब्रूनो बेटलहाइमने १९७६ मध्ये परीकथांतील क्रौर्याचे समर्थन केले होते. राक्षसी, सावत्र आई, जंगल यांच्या रूपाने मूल आपल्या अंतरीच्या भयांना आकार देते, म्हणून ती क्रूर अंगे छाटू नयेत, असा त्याचा आशय. काळोख्या महानायकांच्या कैवाऱ्यांनी हा युक्तिवाद वारंवार वापरला आहे. तो बर्टनला लागू पडतो, नोलनला नाही. कारण परीकथेचे सामर्थ्य तिच्या देशकालरहिततेत आहे.

पण एवढ्यावर बर्टनला मुक्त करता येत नाही. जोॲन कँटर आणि ग्लेन स्पार्क्स यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या भयाविषयी केलेल्या संशोधनात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. शाळेत न जाणारी लहान मुले रूपाला भितात. मोठी मुले रूपाला कमी आणि खऱ्या आयुष्यात घडू शकणाऱ्या संकटाला अधिक भितात. दूरचित्रवाणीवरील 'द इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेत सज्जन माणसाचा हिरवा महाकाय होतो तो क्षण लहानग्यांना सर्वांत भयंकर वाटला, मग तो महाकाय लोकांना वाचवणारा का असेना. मोठ्या मुलांना त्याचे काहीच वाटले नाही. हा निष्कर्ष वरच्या भेदाशी ताडून पाहिला तर असे दिसते की बर्टनचा नाट्यधर्मी काळोख सहा वर्षांच्या मुलाला जाळतो आणि अकरा वर्षांच्या मुलाला खेळवतो. नोलनच्या लोकधर्मी काळोखातले बरेचसे सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जाते आणि अकरा वर्षांच्या मुलाला रात्री जागवते. 'मुलांना योग्य की अयोग्य' हा प्रश्न एकवचनात विचारण्यात अर्थ नाही तो यामुळे. त्यातही चमत्कारिक असे की तक्रारी करणारे पालक बहुधा धाकट्या मुलाची बाजू मांडत होते, आणि विघ्न अधिक होते ते त्याच्या मोठ्या भावंडाला.

चित्रपटातले मूल

या चित्रपटांच्या टीकेत एका गोष्टीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. त्यांपैकी उत्तम चित्रपटांत एक मूल पात्र म्हणून उपस्थित असते, आणि ते जे पाहते त्याचे काय करायचे हा प्रश्न चित्रपट स्वतःच हाताळतो. 'द डार्क नाइट'चा शेवट पाहावा. सूडाने वेडा झालेला हार्वी डेंट पोलीस अधिकारी गॉर्डनच्या कोवळ्या मुलावर पिस्तूल रोखतो. बॅटमॅन मुलाला वाचवतो, डेंट मरतो. शहराची आशा टिकावी म्हणून डेंटचे गुन्हे बॅटमॅन स्वतःवर घेतो आणि पोलिसांपुढून पळतो. तेव्हा मूल बापाला विचारते की तो पळतो का. त्याने तर काही वाईट केले नाही. बाप त्याला समजावून सांगतो. म्हणजे सबंध शहराला खोटे सांगितले जाते आणि खरे सांगितले जाते ते एका मुलाला. प्रौढ नागरिकांना जे सत्य पेलणार नाही असे नायक मानतो, ते मुलाला पेलेल असे दिग्दर्शक मानतो. हा विलक्षण विश्वास आहे. मात्र ज्या मार्गाने चित्रपट येथवर येतो, त्यावर दीड मिनिटाच्या या संवादापूर्वी मुलाच्या कानशिलावर टेकलेले पिस्तूल आहे. आणि बाहेर बसलेला अकरा वर्षांचा प्रेक्षक पिस्तुलापाशीच थांबला असेल तर त्याला संवाद ऐकू येत नाही. तिसरे विघ्न ते हेच.

टॉड फिलिप्सच्या 'जोकर'मध्ये (२०१९) मूल आहे, पण त्याला प्रश्न नाही. वेन यांच्या फाटकापाशी आर्थर फ्लेक बालवयातल्या ब्रूसच्या ओठांचे कोपरे बोटांनी वर ढकलून त्याला 'हसवतो'. शेवटी तेच मूल गल्लीत आईबापांच्या प्रेतांजवळ उभे दिसते. दोन्ही वेळी ते निव्वळ विषय आहे, साक्षी नाही. प्रेक्षकाला सारा वेळ आर्थरच्या दुःखात बसवले जाते, आणि करुणातून रौद्राकडे, म्हणजे भरताच्या क्रमाच्या उलट, नेले जाते. वॉकीन फिनिक्सचा अभिनय असामान्य आहे, व्हेनिस महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तरी भारतात त्याला 'ए' आणि अमेरिकेत 'आर' मिळाले ते योग्यच होते. आणि ते रक्तपातासाठी नव्हे, तर या चित्रपटात अपरिपक्व प्रेक्षकाला उभे राहायला जागाच ठेवलेली नाही म्हणून.

मॅट रीव्ह्जच्या 'द बॅटमॅन'मध्ये (२०२२) उलट घडते. खून झालेल्या नगराध्यक्षाचा मुलगा कथेत फारसा बोलत नाही. नायक त्याच्याकडे पाहतो आणि स्वतःचे बालपण पाहतो. स्वतःला 'सूड' म्हणवणाऱ्या नायकाचाच शब्द शेवटी प्रतिनायकाच्या अनुयायाच्या तोंडी येतो. मग पुराच्या पाण्यात उतरून बॅटमॅन हात पुढे करतो, आणि तो प्रथम धरतो तो हा मुलगा. तीन तासांच्या काळोखानंतर उत्साह हा स्थायी भाव परत येतो आणि वीराची पुन्हा प्रतिष्ठापना होते. अमेरिकेत या चित्रपटाला 'पीजी-१३' मिळाले, ब्रिटनमध्ये '१५'. 'द डार्क नाइट'च्या तक्रारींनंतर चौदा वर्षांनी ब्रिटिश मंडळ सावध झाले होते असे दिसते. पण दोन चित्रपटांपैकी अधिक कठोर दार ज्याला लागले, तोच मुलाला अधिक काही देणारा होता, हा योगायोग मोजणीच्या पद्धतीची मर्यादा दाखवतो.

भारतातील व्यवस्थेविषयी एवढेच नोंदवता येईल की १९८३ पासून चालत आलेली 'यूए' ही एकच मधली श्रेणी २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने सात, तेरा आणि सोळा अशा तीन वयांत विभागली गेली. बर्टन आणि नोलन यांच्याविषयी वर जे म्हटले, त्याला ही विभागणी अनुकूल आहे. मात्र तिचा वापर कोणत्या निकषाने होतो हे पाहावे लागेल. २०२५ च्या 'सुपरमॅन'मधील नायक-नायिकेच्या चुंबनाला भारतात कात्री लागली; शृंगाराविषयी दाखवलेली ही दक्षता रौद्राच्या वाट्याला क्वचित येते. मराठी बालसाहित्याच्या चर्चेतही एक अशीच अघोषित श्रेणी आहे. १९५३ च्या 'श्यामची आई' चित्रपटात आईचे मरण मुलांसमोर येते, आणि ते मुलांना दाखवावे याविषयी पिढ्यान्‌पिढ्या कोणाला शंका आली नाही. करुण संस्कारक्षम, भयानक अपायकारक, असा आपला समज. वस्तुतः आई मरणे हे त्या वयाच्या प्रेक्षकाला कोणत्याही जोकरपेक्षा अधिक निजदुःखाचे आहे. ते सुसह्य होते ते गीतांमुळे, आठवण सांगणाऱ्या श्यामच्या प्रौढ आवाजामुळे, कोकणातल्या त्या संथ लयीमुळे. अभिनवगुप्ताने तिसऱ्या विघ्नावर सांगितलेल्या उपायांचाच हा प्रकार.

राहता राहिला जेम्स मॅनगोल्डचा 'लोगन' (२०१७). या प्रश्नावर सर्वांत अधिक विचार करणारा चित्रपट हाच आहे आणि त्याचे दार मुलांना सर्वांत घट्ट बंद आहे. म्हातारा, आजारी, मद्यपी झालेला लोगन आणि प्रयोगशाळेत शस्त्र म्हणून वाढवलेली लॉरा ही अकरा वर्षांची मुलगी यांचा तो प्रवास आहे. लॉराजवळ जुन्या चित्रकथांचे अंक आहेत. त्यांतल्या पत्त्यावर मुलांसाठी सुरक्षित जागा आहे असा तिचा विश्वास. लोगन ते अंक झिडकारतो : खऱ्या जगात माणसे मरतात आणि रंगीत पोशाखातला कोणी त्यांना वाचवायला येत नाही. चित्रपट त्याचे म्हणणे खोटे ठरवत नाही. पण त्या पत्त्यावर पोचल्यावर दिसते की इतर मुले खरोखर तेथे आली आहेत. कथा खोटी होती, आणि त्या खोट्या कथेने मुलांना एका ठिकाणी आणले. संभावनाविरह असूनही चित्त स्थिरावू शकते, असा अभिनवगुप्ताला प्रतिप्रश्न करणारा हा प्रसंग आहे; आणि काळोख्या चित्रपटाने उजळ चित्रकथेला दिलेली ही कबुलीही आहे. वाटेत लॉरा हॉटेलातल्या दूरचित्रवाणीवर 'शेन' हा १९५३ चा चित्रपट पाहते. बंदूक टाकू पाहणाऱ्या वीराची आणि त्याला पाठमोरा जाताना पाहणाऱ्या मुलाची ती कथा. शेवटी लोगनच्या थडग्यापाशी प्रार्थना म्हणून तिला त्यातलेच शब्द आठवतात, कारण दुसरे कोणी तिला काही शिकवलेले नाही. मग ती थडग्यावरचा लाकडी क्रूस उपटून तिरपा रोवते; त्याचे चित्रकथेतल्या वीरांचे चिन्ह होते.

मूल कलाकृती पाहते, ती जपून ठेवते, आणि गरज पडेल तेव्हा आपल्या शोकाला तिचे शब्द देते : सहृदयाच्या घडणीचे याहून नेमके चित्र या प्रकारच्या चित्रपटांत अन्यत्र नाही. त्याच चित्रपटात लॉरा नखांनी माणसांची मुंडकी उडवते आणि ते सर्व रक्तासह दिसते. अमेरिकेत त्याला 'आर' मिळाले, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलाला पालकाविना प्रवेश नाही. ब्रिटनमध्ये '१५', म्हणजे त्या वयाखाली पालकासह देखील नाही. मार्च २०१७ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा लॉराची भूमिका करणारी डॅफ्ने कीन बारा वर्षांची होती.